तीन दारांचा एकच आचारी

"उद्या सूर्यास्तापर्यंत संकेतस्थळाचे तिन्ही पत्ते उघडले नाहीत, तर गोमाजी यंत्रपालाने राज्याची सीमा ओलांडावी!" वज्रबाहू राजाने भर दरबारात हुकूम सोडला.

राज्याचे संकेतस्थळ एक, त्यामागे बसून उत्तरे देणारी प्रणालीही एकच. परंतु पाणी, पीक आणि पशू या खात्यांच्या प्रधानांना पत्त्याच्या शेवटी आपापल्या खात्याचे नाव हवे होते. वर राजाच्या दोन अटी! उत्तरे देणारी दुसरी प्रणाली बसवायची नाही, आणि प्रजाजनाने टाकलेला पत्ता त्याच्या डोळ्यांदेखत बदलायचा नाही.

अटी गोमाजीनेच ओढवून घेतल्या होत्या. त्याने आधी प्रणालीच्या तीन नकला बसवल्या, तेव्हा त्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळेनात; एकच म्हैस एका पत्त्यावर व्याली, दुसऱ्यावर मेली आणि तिसऱ्यावर तिला पाणीपट्टी लागली! मग त्याने सगळ्यांना पशूंच्या पत्त्यावर वळवले, तर पीकप्रधान रुसून बसले.

गोमाजीची लेक चंद्रभागा राजवाड्याच्या पंगतीत वाढण्याचे काम करी. बापाने हातपाय गाळलेले पाहून तिने विचारले, "आबा, पाहुणा भाजी मागायला चुलीपाशी जातो का?"

"अगं, मी देशोधडीला लागतोय आणि तुला भाजी सुचतेय!"

"सांगा तर! जातो का?"

"नाही. वाढप्याला सांगतो."

"आणि आचारी पंगतीत येतो?"

"छे! त्याने चूल सोडली तर..." गोमाजी थबकला.

"मग तुमच्या दारात वाढपी कुठाय? पाहुण्याने आपल्या पानावर बसून मागावं, वाढप्याने आत जाऊन आणावं. पंगती तीन, आचारी एक!"

गोमाजी उडालाच! संकेतस्थळाच्या दाराशी त्याने स्वतः उत्तर न देणारा एक यांत्रिक राखणदार बसवला आणि त्याला तीन ओळींत तीन नावे शिकवली. कोणत्याही नावाने मागणी आली, तरी ती आतल्या त्याच प्रणालीकडे न्यायची आणि उत्तर आणून द्यायचे.

"पंगतीचं नावही आत सांगायला लावा हं, आबा! नाहीतर उपवासाच्या पानावर कांदाभजी पडायची!"

दुसऱ्या दिवशी राजाने स्वतः पत्ते टाकले. पाण्यावर कालव्याच्या पाळ्या आल्या, पिकावर पेरणीची माहिती, पशूंवर ती म्हैस, जिवंत आणि धडधाकट! पत्त्यांतले अक्षरही हलले नाही.

"लबाडी!" राजा गरजला. "आत तीन प्रणाली दडवल्यात!"

"महाराज, एकच आहे. ती बंद करून पाहावी," बापाशेजारी उभी असलेली चंद्रभागा म्हणाली.

राजाने कळ दाबली. तिन्ही पत्ते एकदम गप्प झाले आणि तिन्ही प्रधान एकदम किंचाळले! कळ पुन्हा दाबताच तिघांच्या जिवात जीव आला.

राजा हरायला तयार नव्हता. "ठीक! पण उद्या माझे शंभर प्रधान झाले, तर गं?"

"तर दारात शंभर ओळी लिहू, महाराज! पत्त्याचं एका ओळीत भागतं. प्रधानाला मात्र घोडा, पालखी आणि हुजरे लागतात!"

राजा इतका हसला की मुकुट सावरायला दोन हुजरे धावले. प्रधानही हसले, जरा बेताने. त्याच बैठकीत गोमाजीचे यंत्रपालपद कायम झाले, आणि चंद्रभागेला सोन्याचे कडे व संकेतस्थळाच्या दाराची मुखत्यारी मिळाली!