भिवराचं अपुरं कडं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. येरणी नदीवर तेव्हा पूल नव्हता, आणि तरी माणसांची ये-जा आजच्यापेक्षा जास्त होती. अलीकडच्या काठावर कोळ्यांची डोहवाडी, पलीकडच्या काठावर धनगरांचं धनगरमाळ. मध्ये नदी, आणि नदीच्या मधोमध एक सपाट काळा खडक. उन्हाळ्यात दोन्हीकडून घोटाभर पाण्यातून त्या खडकापर्यंत चालत जाता येई.

डोहवाडीत भिवरा नावाची बाई राहत होती. ती गोंदायची. दिव्याची काजळी माक्याच्या रसात खलायची, सुया दोऱ्यानं एकत्र बांधायची आणि दोन्ही काठांवरच्या मुलींच्या मनगटाभोवती हिरव्या ठिपक्यांचं कडं काढायची. तिचा हात इतका हलका होता की तिनं फुलाला गोंदलं असतं तर पाकळी गळाली नसती, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांत पुरुषच जास्त आहेत आणि त्यांच्या मनगटाला कधी सुई लागलेली नाही, तेव्हा आपण यातलं थोडं सोडून द्यावं. दुखायचं ते दुखायचंच.

त्यासाठी हातधरी असे. हातधरी म्हणजे गोंदून घेणाऱ्या मुलीचा दुसरा हात धरून बसणारी. रीत अशी होती की हातधरी आपल्या काठाची चालत नसे. आई, मावशी, बहीण, कुणीच नाही. त्यांना लेकराचं रडणं बघवत नाही, त्या मुलीला जवळ ओढतात आणि ठिपका फिसकटतो. म्हणून कोळ्याच्या मुलीला हातधरी धनगराची, आणि धनगराच्या मुलीला कोळ्याची. सुई टोचली की मुलगी हातधरीचा हात गच्च आवळायची. नखं रुतायची, आणि त्यांच्या बारीक कोरी हातधरीच्या हातावर जन्मभर राहायच्या. पुढं त्या मुलीच्या लग्नात पहिली हळद हातधरी लावी.

भिवराची हातधरी होती धनगरमाळावरची म्हाळसा, आणि म्हाळसाची भिवरा. दोघींना एकाच सकाळी त्या खडकावर भिवराच्या आईनं गोंदलं होतं. म्हाळसा मोठी रडकी. तिच्या चार नखांच्या चार कोरी भिवराच्या हातावर उमटल्या त्या कायमच्या. पुढं भिवरा त्या दाखवून तिला चिडवायची, आणि म्हाळसा म्हणायची, "माजं दुखणं तुज्याकडं ठेवलंय, नीट सांभाळ."

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस झाला नाही, नदी आटली, पाणी राहिलं ते मोठ्या डोहात. लोकर कातरण्याआधी मेंढरं धुवावी लागतात, म्हणून धनगरांनी ती डोहात घातली. पाणी गढुळलं आणि मासे पोट वर करून तरंगले. पहिली काठी कुणी उगारली, ते अजून ठरलेलं नाही. अलीकडं विचारलं तर पलीकडच्यांनी, आणि पलीकडं विचारलं तर अलीकडच्यांनी. काठ्यांनंतर कुऱ्हाडी निघाल्या. त्या दुपारी भिवराचा नवरा पडला आणि म्हाळसाचा भाऊही पडला. बायकांच्या हातांवर एकमेकींच्या नखांच्या कोरी होत्या, पण मारामारीला बायका गेल्या नव्हत्या. गेले होते ते पुरुष, आणि त्यांचे हात कोरे.

दहाव्याला डोहवाडीची माणसं जमली, तेव्हा भिवरा न विचारताच उभी राहिली. ती म्हणाली, "आता कडं नको. मी आपल्या पोरींना मासा काढते. आपली कोण आन् त्यांची कोण, लांबनं दिसू द्या." माना हलल्या. पलीकडंही तसंच ठरलं. तिथल्या एका बाईनं सुया बांधल्या आणि ती मुलींच्या हातावर मेंढीचं तोंड काढू लागली. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं आधी मनगट बघायची आणि मग तोंड.

पण मासा काही धरेना. हातधरी आता घरातलीच. मुलगी रडली की आई तिला ओढायची, आणि माशाची शेपटी कोपराकडं जायची. जे मासे बरे उतरले, ते नदीत हात धुतले की पुसट व्हायचे आणि काही दिवसांत पाण्याबरोबर निघून जायचे, असं म्हणतात. पलीकडच्या मेंढ्यांचंही तेच. लोक काजळीला नावं ठेवू लागले, मग माक्याला, मग भिवराला. तिला मात्र कारण ठाऊक होतं. ते बोलायचं तर आपलंच बोलणं गिळावं लागणार होतं, आणि नवऱ्याचं रक्त अजून तिच्या डोळ्यांसमोरून हललं नव्हतं.

मुली कोऱ्या राहिल्या. कोऱ्या मुलीला सासरी कुणी सहजी नेईना. मेल्यावर दागिने मागं राहतात, वर सोबत येतं ते गोंदणच, अशी तेव्हा लोकांची पक्की समजूत होती.

म्हाळसा रोज संध्याकाळी कोकरांना पाण्यावर आणायची. भिवरा अलीकडं भांडी घासायची. दोघी एकमेकींना बघायच्या आणि हात कुणीच वर करायचं नाही. करावंसं वाटायचं नाही असं नाही. भिवराला रोज वाटायचं, आज ती करेल, मग मी करीन. अशी कितीतरी वर्षं गेली. दोघींचे केस पिकले. मग एका पावसाळ्यात म्हाळसा यायची थांबली आणि कोकरं दुसरंच कुणी आणू लागलं. त्या दिवसापासून भिवराच्या हातावरच्या कोरी ठणकू लागल्या. तिनं लेप लावले, शेकलं, काही उपयोग झाला नाही. आयुष्यात आता एकच गोष्ट तिला हवी होती. तो हात पुन्हा एकदा हातात धरायचा होता.

चैत्रात नदी घोटाभर झाली. एका सकाळी भिवरा सुया आणि काजळीची वाटी घेऊन त्या खडकावर जाऊन बसली. लेक हैबती काठावरून म्हणाला, "आये, माघारी ये. लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "म्हणू द्यात. ज्या पोरीला गोंदून घ्यायचं, तिनं हितं यावं. कोण हाय ते मी इचारणार न्हाई."

कुणी आलं नाही. ती उन्हं उतरल्यावर घरी जायची आणि सकाळी पुन्हा येऊन बसायची. दोन्ही काठांवर माणसं जमायची, बघायची, कुजबुजायची आणि पांगायची.

मग एके दिवशी पलीकडून एक मुलगी परकर खोचून पाण्यात उतरली. माळावरून कुणीतरी ओरडलं, पण ती थांबली नाही. खडकावर येऊन भिवरासमोर बसली.

"मी बिराई. म्हाळसाची नात. आजीनं सांगितलंय, भिवराकडनंच गोंदून घे. आन् तिच्या हातावरच्या माज्या कोरी अजून हायेत का, ते बघून घे."

भिवरानं हात पुढं केला. बिराईनं एकेका कोरीवर बोट ठेवून पाहिलं.

"ती का न्हाई आली?" भिवरानं विचारलं.

"आधी गोंद," बिराई म्हणाली.

आता हातधरी हवी होती, आणि ती कोळ्याची हवी होती. भिवरानं काठाकडं पाहिलं. काठावर बायका उभ्या होत्या, आणि एकही हलली नाही. तेव्हा भिवराची सून ठकू पीठ लागल्या हातांनीच पाण्यात उतरली. हैबती म्हणाला, "ठके, मागं फिर. माझा बाप मारलाय त्यांनी." ठकू म्हणाली, "आत्याबाईंच्या दोन्ही हातांत काम हाय. तिसरा हात कुठनं आणतील?" आणि तिनं जाऊन बिराईचा हात धरला.

सुई टोचली. बिराईनं डोळे मिटले आणि ठकूच्या हातात नखं रुतवली. त्याच वेळी येरणी वाहायची थांबली, असं म्हणतात. पाण्याचा आवाज बंद झाला आणि सुईचा आवाज दोन्ही काठांवर ऐकू आला. आणि ज्या ज्या म्हाताऱ्यांच्या हातावर जुन्या कोरी होत्या, अलीकडच्या काय आणि पलीकडच्या काय, त्या सगळ्यांच्या कोरी एकदम ठणकल्या. साऱ्याजणी आपापल्या हाताकडं बघू लागल्या. जिचं तिचं दुखणं आठवलं म्हणण्यापेक्षा, आपल्याकडं दुसरीचं ठेवलेलं आहे ते आठवलं.

भिवरानं मासा काढला नाही, मेंढी काढली नाही. मनगटाभोवती कडं काढत आणलं. ठिपके बसत गेले आणि धरत गेले. शेवटच्या ठिपक्याची जागा राहिली तेव्हा तिनं सुई उचलून धरली आणि बिराईकडं पाहिलं.

"आता सांग. कशी हाय ती?"

बिराई रडायला लागली. "आजी गेली. आखाडातच गेली. जाताना म्हणाली, गोंदून होईस्तवर भिवराला सांगू नगं. तिचा हात कापंल."

भिवराचा हात कापला नाही. तिनं सुई खाली ठेवली आणि म्हाळसा कोकरं आणायची त्या वाटेकडं पाहिलं. मग म्हणाली, "ह्यो एक ठिपका राहू दे. ती आली की घालू."

ठकूनं बिराईचं मनगट नदीत धुतलं. पाणी स्वच्छ निघालं. मग दोन्ही काठांवरून मुली उतरल्या. आधी एक, मग दोन, मग आयांनीच ढकललेल्या. त्या उन्हाळ्यात भिवरानं सगळ्यांना गोंदलं, पलीकडचीला अलीकडचीचा हात देऊन आणि अलीकडचीला पलीकडचीचा. प्रत्येकीच्या कड्यात एका ठिपक्याची जागा तिनं मोकळी सोडली.

पावसाळा आला, पाणी चढलं, तरी ती खडकावरून उठेना. हैबती आणि धनगरमाळाचे दोघंतिघं तिला आणायला गेले. ती म्हणाली, "ती आली तर मला कुठं शोधंल?" त्या रात्री पूर आला. ओसरल्यावर खडकावर भिवरा नव्हती. दगडात मात्र चार नखांच्या चार कोरी उमटल्या होत्या. त्या अजून आहेत. पाण्यानं पडल्या असतील, असं शिकलेली माणसं म्हणतात. तसंही असेल.

आता येरणीवर पूल आहे. डोहवाडी आणि धनगरमाळ पाण्यावरून अजून भांडतात, अर्ज करतात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण काठ्या पुन्हा निघाल्या नाहीत. गोंदणंही आता राहिलं नाही. तरी चैत्रात नदी घोटाभर झाली की मुली खडकावर येतात, आणि काजळानं मनगटाभोवती ठिपके काढून घेतात. हात धरायला समोरच्या काठाची मुलगी लागते. हल्ली मुलग्यांनाही कान धरून आणतात. त्यांचे हात कोरे राहिले की काय होतं, ते एकदा बघून झालेलं आहे. काजळाचा ठिपका दुखत नाही, म्हणून नखं मुद्दाम रुतवायची असतात. आणि ठिपके पुरे होईपर्यंत कुणी कुणाला वाईट बातमी सांगत नाही.

कड्यात एक जागा मोकळी ठेवतात. दरवर्षी एखादी लहान मुलगी विचारतेच, हा ठिपका कधी काढायचा. म्हातारी बाई सांगते, "ती आली की." मग अलीकडच्या बायका थोडा वेळ पलीकडं बघतात आणि पलीकडच्या अलीकडं, आणि ऊन तापायच्या आत सगळ्या घरी जातात.