फुकट गेलेला वजीर

रानात नेट नुकतंच आलं होतं, तेव्हाची गोष्ट. तळ्यातलं कासव आणि डोंगरावरची खार ऑनलाइन बुद्धिबळ खेळत. दिवसाला एकच चाल, आणि तीही स्वतःच्या डोक्याने, असं त्यांचं ठरलं होतं. खार मात्र प्रत्येक चाल गुपचूप कॉम्प्युटरला विचारी. शेवटी ती जिंकली.

कौतुक करायला कासव अख्खा डोंगर चढून आलं. "खारूताई, तू वजीर फुकट दिलास म्हणून मी हसलो, आणि तिथेच हरलो! कसं गं सुचलं तुला?"

खारीची शेपटी खाली गेली. "मला नाही, कॉम्प्युटरला सुचलं."

"म्हणजे आपला डाव अजून झालाच नाही! मांड पट."

खारीने पट मांडला आणि थोड्याच वेळात वजीर घालवला. या खेपेला तो खरोखरच फुकट गेला, आणि दोघंही पोट धरून हसली.