ठकूबाईची घोंगडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बाभूळसांगवीच्या माळावर आजचं दगडी चर्च नव्हतं. कुडाच्या भिंती होत्या, वर गवताचं छप्पर होतं आणि घंटेऐवजी बाभळीला टांगलेला लोखंडाचा तुकडा होता. त्या माळावर एका थंडीत ठकूबाई आली. पाठीवर सुटा केलेला माग, कमरेला गाठोडं आणि मागं एक काळी मेंढी.

ठकूबाई घोंगड्या विणायची. नवरा आणि पोर पटकीच्या साथीत गेली, ती एकटी वाचली. एकटी वाचली म्हणजे हिनंच घरच्यांना खाल्लं, असं तिच्या गावच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. म्हाताऱ्यांना ठरवायला पुरावा लागत नाही, बसायला पार मिळाला की झालं. चेटकीण म्हणून तिला हाकललं. पुढच्या गावानं हाकललं, त्याच्या पुढच्यानंही. तेव्हापासून ती बसूनच झोपायची, पाठ भिंतीला आणि गाठोडं कमरेला. कुणी दगड उचलला की उठून चालू लागायला बरं. असं म्हणतात, की त्या गाठोड्याची गाठ इतकी वर्षं सुटली नव्हती की तिच्यात गवत उगवलं होतं.

ती आली तो रविवार होता. छपराखाली एकतारीवर भजन चाललं होतं. भजन संपलं आणि पाळकबुवा म्हणाले, "या घरात कुणी परकं नाही. आपण सगळी एका बापाची लेकरं."

ठकूबाई दारात थबकली. असं तिला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. तिनं आत पाय टाकला आणि सरळ विचारलं, "मग मी कुठं बसू?"

आता पुढचा भाग बाभूळसांगवीचे म्हातारे गाळतात, म्हणून तो नीट सांगायला हवा. इथल्या ख्रिस्ती मंडळीत दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. गावानं दोन्ही आळ्यांना पाणवठ्यापासून सारखंच लांब ठेवलं होतं. त्याच जाचातून सुटायला दोघांनी प्रभूचं नाव घेतलं होतं. पण बाप्तिस्म्याच्या पाण्यात सगळं बुडालं, आळी तेवढी बुडाली नाही. वरच्या आळीची बसकरं उजवीकडे अंथरलेली, खालच्या आळीची डावीकडे आणि मधे बैलगाडी जाईल एवढी उघडी जमीन. प्रभूभोजनाची भाकर एकच, पण ती आधी कुठल्या बाजूला फिरायची यावर दर वेळी भांडण. वरच्या आळीचे पुढारी लुकसबाबा, खालच्या आळीचे दावीदबाबा. दोघांचं जन्मात कधी एकमत झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

"तुझी माणसं कुठली?" लुकसबाबांनी विचारलं.

"माणसं असती तर हितं आले असते का, बाबा?"

"आपापल्या माणसांत बसायचं, अशी रीत आहे," दावीदबाबा म्हणाले. "माणसं नसतील तर दाराशी बस. बसकर स्वतःचं आण. नाताळापर्यंत बघू, नाहीतर पुढची वाट आहेच."

पाळकबुवा चष्मा पुसत राहिले. माणूस चांगला होता, पण बाबालोक बोलायला लागले की त्याचा चष्मा हटकून मळायचा.

ठकूबाई दाराशी उघड्या जमिनीवर बसली. गारठा पायांतून वर चढत होता, पण भजन कानांत चढत होतं. इथून जायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं. उपासना संपल्यावर तिनं बाभळीखाली माग मांडला.

तिच्या अंगावरची घोंगडी लुकसबाबांनी हेरली होती. ते काळ्या लोकरीचं पोतं घेऊन आले. "आमच्या आळीला एक घोंगडी विणून दे. सगळी मावतील अशी. आणि खालच्यांच्या बसकरांपेक्षा हातभर लांब."

ते गेले तसे दावीदबाबा आले. त्यांचंही तसलंच पोतं. "वरच्यांपेक्षा हातभर लांब."

"बरं," ठकूबाई दोघांनाही म्हणाली.

मग तिनं दोन्ही पोती एका ढिगात ओतली, वर आपल्या मेंढीची लोकर टाकली आणि पिंजायला बसली. सूत कातून झालं, तेव्हा दोन आळ्यांच्या घरांमधल्या मोकळ्या जागेत तिनं उभ्या सुताचा लांबच लांब ताणा लावला आणि त्याला चिंचोक्याची खळ फासायला घेतली. तेवढ्यात माळावरून वावटळ उठली. खुंट्या उपटल्या, सूत फडफडायला लागलं.

"धरा गं! धरा रे!" ठकूबाई ओरडली.

वरच्या आळीच्या बायका पिठाच्या हातांनी धावल्या, खालच्या आळीच्या शेणाच्या हातांनी. पोरंही लोंबकळली. असं म्हणतात, की वावटळीनं तो ताणा बायकापोरांसकट बाभळीएवढा उंच उचलला. पण एकीनंही हात सोडला नाही, म्हणून सगळी सुखरूप खाली आली. आणि म्हातारे? म्हातारे खाली उभे राहून कोण कुणाला शिवतंय ते बघत होते.

तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं की ताणा एकच आहे.

"आमची लोकर वेगळी काढ!" लुकसबाबा कडाडले.

"आमची आधी!" दावीदबाबा.

"काढा की," ठकूबाई म्हणाली. "आपापलं मेंढरू वळखा."

दोघं दिवस मावळेपर्यंत त्या काळ्या सुतावर वाकून बसले. काळ्यात काळं, काय दिसणार? कंबर धरून उठले आणि म्हणाले, "नाताळाला ही बाई माळावर दिसता कामा नये."

ठकूबाईनं घोंगडी विणून संपवली. नाताळच्या सकाळी ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरली आणि स्वतः दाराशी, घोंगडीच्या काठावर बसली. माग सुटा करून शेजारी ठेवलेला, गाठोडं कमरेला. एक भजन ऐकायचं आणि निघायचं.

पण आत कुणी येईना. दोन्ही आळ्या बसकरं काखेत मारून बाहेर उभ्या, बाबालोकांच्या तोंडाकडे बघत. भजन कुठलं सुरू व्हायला? ठकूबाई उठायला लागली. तेवढ्यात लुकसबाबांची बायको रिबकाआजी काठी टेकत दारात आली.

"सरक, ठके. गुडघ्यांनी जीव घेतलाय माझा."

"दाराशीच बसलेय, आजी. आणखी कुठं सरकू?"

"आत सरक की! एवढी विणलीस ती काय उंदरांसाठी?"

"अगं, रीत काय आहे..." मागून लुकसबाबा.

"रीत घाला चुलीत. जन्मभर तुमच्या रीतीवर बसले, गारठ्याशिवाय काही लागलं नाही."

रिबकाआजी बसली. मग दावीदबाबांची सून तान्ही पोर घेऊन आली. "सरका, आजी." मग बाकीची. असं म्हणतात, की माणसं येत गेली तशी घोंगडी लांबत गेली आणि भिंतींना टेकली तेव्हा भिंतीच मागं सरकल्या. शेवटी बाहेर दोनच माणसं उरली. हुडहुडी भरली तेव्हा तीही आत आली. जागा दाराशीच होती. लुकसबाबा आणि दावीदबाबा खांद्याला खांदा लावून बसले, तोंडं दोन दिशांना.

ठकूबाई सरकत सरकत मधोमध पोचली होती. दोन्ही बाजूंना उबदार माणसं. भजन सुरू झालं आणि शेजारची तान्ही पोर तिच्या कमरेच्या गाठीशी खेळायला लागली. एरवी तिनं कुणाला हात लावू दिला नसता. पोरीनं नुसतं बोट लावलं आणि गाठ सुटली. आत होतं एक एवढंसं झबलं. ठकूबाईनं ते थोडा वेळ हातात धरलं, मग पोरीच्या अंगात घातलं. अगदी मापात बसलं.

उपासना संपली आणि ठकूबाई तिथंच आडवी झाली. पाय पसरून, गाठोड्याशिवाय. सगळ्यांनी तिच्याभोवती बसून, कुजबुजत जेवून घेतलं. तिला कुणी उठवलं नाही. असं म्हणतात, की ती उठली तेव्हा पुढचा रविवार उजाडला होता.

ती पुन्हा कुठं गेली नाही. मेली तेव्हा 'ती आमची' म्हणून दोन्ही आळ्या खांद्यासाठी भांडल्या आणि तेवढं एक भांडण देवाला आवडलं असावं.

आजही उपकारस्तुतीच्या सणाला बाभूळसांगवीत घरोघरची मूठभर लोकर एका ढिगात टाकतात, घोंगडीला नवी पट्टी विणतात आणि शेवटची किनार उघडी सोडतात. नाताळाला मंडळीचे सगळे पुढारी दाराशी बसतात. थंडी वाजते म्हणून कुरकुरतात. वाजू दे.

आणि कुणी अनोळखी माणूस दारात उभा राहिला, कुठं बसू असा त्याचा चेहरा झाला, की गर्दीतून कुणीतरी हाक देतं, "सरक, ठके!" मग बायका सरकतात, बाप्ये सरकतात, पाळकही सरकतात.

त्या हाकेला तिथं सगळेच ओ देतात.