एकशेपस्तीस वर्षांनी येणारी रंगारीण

तळ्याच्या पाण्यावरून वाद सुभेदारापुढे गेला. देशमुखांची सनद शके १५०५ची. गुजरातेतून आलेल्या जेठी रंगारणीच्या घराण्याची संवत १६००ची.

"पंधराशे आधी की सोळाशे?" देशमुखांनी मिशीला पीळ दिला. "सनद आमची जुनी. तोडा हिचं पाणी!"

जेठीनं पदर सावरला.

"सरकार, शकानं आज सोळाशे चाळीस साल आहे, आमच्या संवतानं सतराशे पंचाहत्तर. देशमुखांच्या मोजणीनं मी अजून एकशेपस्तीस वर्षांनी येणार. मग आज पाणी तोडताय कुणाचं?"

सुभेदार खदखदून हसले. दोन्ही सालं त्यांनी आजपासून मागं मोजायला लावली. जेठीची सनद चाळीस वर्षांनी जुनी निघाली.

आठवड्याभरात तळ्याकाठी लाल कापडं वाळू लागली. त्यात देशमुखांचं पागोटंही होतं.