अर्धा बांध

“म्हणजे बाबा, उद्या तुम्ही येणार नाही?”

“नाही.”

“कारण तरी सांगा.”

सुलेमानबाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. खाली ओहोटीचं पाणी परतायला लागलं होतं, त्याच्याकडे बघत बसले.

विचारणारा कुणी ऐरागैरा नव्हता. अच्युत सरदेसाई, आमच्या कांदळे देशाचा नियोजनमंत्री. लहानपणी सात वर्षं याच फकिराच्या तकियात, म्हणजे बांधावरच्या मठीत, बसून शिकला. मंत्र्याला अहोजाहो करायची रीत आहे, मला ठाऊक आहे. पण आज ते जमत नाही.

मी ठकूबाई. बांधाच्या खाली माझं दीड एकर भात आहे. त्या दिवशी दुपारी मी बांधावर चिखल तुडवत होते आणि हे दोघं माझ्यापासून दहा हातांवर, तकियाच्या ओट्यावर बसले होते. ऐकलं ते सांगते. रागानं सांगते, कारण राग अजून गेलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचा देश नऊ देशांच्या संघातून बाहेर पडला. संघाचे कायदे, संघाचा बाजार, संघाचे साहेब... लोक विटले होते. सगळ्यांनी हात वर केले. ढोल वाजले, पेढे वाटले. मग पुढे काय करायचं ते ठरवायचं काम अच्युतकडे आलं आणि त्यानं देशाच्या पुढच्या पन्नास वर्षांची योजना लिहून काढली. उद्या ती राजधानीत, सभेत वाचायची होती. शेजारी सुलेमानबाबा उभे असले की लोक विचार न करता मान हलवणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

“संघ सोडल्याचं तुम्हाला वाईट वाटतंय,” तो म्हणाला. “तसं सरळ सांगा ना.”

“सोडायच्या बाजूनं मीही हात वर केला होता.”

अच्युतनं योजनेचे कागद मांडीवर आपटले.

“मग माझ्यावर राग कशाचा?”

“वाच,” बाबा म्हणाले.

त्यानं वाचलं. आपलं बंदर आपण खोल करू. आपलं नाणं पाडू. आपली विद्यापीठं काढू. समुद्रापलीकडच्या मोठ्या देशांशी आपल्या अटींवर करार करू. आवाज चांगला होता त्याचा आणि मनापासून वाचत होता, ते नाकारत नाही. माझेसुद्धा पाय चिखलात थांबले.

“बांधाचं काय लिहिलंस?”

“आहे ना. पान एकशे बारा.” त्यानं पान काढलं. “आपला बांध आपण राखू. परक्याचा हात लागू देणार नाही.”

बाबा बाजूला वळून थुंकले.

बांधाचं सांगायला हवं. बांध एकच आहे. समुद्राला अडवून चार मैल उभा, आणि बरोबर मध्यावर सरहद्द. अलीकडे आम्ही, पलीकडे पैलाड देश. पैलाड अजून संघात आहे. आमच्या पणज्यांच्या आधीपासूनची रीत अशी, की आमच्या अर्ध्याची डागडुजी पैलाडच्या लोकांनी करायची आणि त्यांच्या अर्ध्याची आम्ही. दर वर्षी, मोठ्या उधाणाच्या आधी आठ दिवस. त्यांच्या बायका आमच्या बांधावर यायच्या आणि शिव्या घालायच्या, “इथं भोक, तिथं भोक, वर्षभर झोपा काढल्या काय ग?” आम्ही त्यांच्या बांधावर जाऊन दुप्पट शिव्या द्यायचो. संध्याकाळी एकत्र बसून भाकरी खायचो.

संघ नव्हता तेव्हाही ही रीत होती. संघात गेलो तेव्हा कुणीतरी शहाण्यानं ती संघाच्या कायद्यात लिहून ठेवली. बाहेर पडलो तेव्हा ते सगळे कायदे एका दिवसात रद्द झाले. त्यात हीपण गेली. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

यंदा आमचा अर्धा आम्हीच केला. ज्याच्या शेतासमोर जेवढा बांध, तेवढा त्याच्या वाटणीला. वरून माती लिंपली, चुना मारला, झेंडे लावले. अच्युत स्वतः येऊन बघून गेला आणि खूश झाला.

बाबा उठले. काठी घेऊन माझ्या वाटणीच्या बांधापाशी आले. मला म्हणाले, “बाजूला सर.”

मी सरले.

“अच्युत, हे काय आहे?”

“बांध. यंदाचा नवा. आतापर्यंतचा सगळ्यात मजबूत.”

बाबांनी चुन्यावर काठी टेकवली आणि दाबली. काठी हातभर आत गेली. त्यांनी ती ओढून काढली तेव्हा भोकातून काळं पाणी गळायला लागलं.

अच्युतनं माझ्याकडे बघितलं.

“खेकड्याचं बीळ आहे,” मी म्हणाले.

“हा भाग कुणी केला?”

“मी केला.”

“तुला हे दिसलं नाही?”

दिसलं होतं. खोटं कशाला बोलू? एक नाही, दोन दिसली होती. पण शेजारच्या वाटणीत भिवा चुना मारत होता आणि तो गाणं म्हणत होता. त्याच्या वाटणीत काही नाही आणि माझ्याच बांधाला भोकं, असं चारचौघांत कोण म्हणेल? मी वरून चार बोटं माती लावली आणि चुना फासला. भिवानंही तेच केलं होतं, हे मला त्याच घटकेला कळलं, कारण बाबांची काठी आता त्याच्या वाटणीत शिरली होती. तीही हातभर गेली. पुढे सावंतांच्या वाटणीत, तशीच.

“सांगितलं का नाहीस?” अच्युत ओरडला.

“कुणाला सांगू? तुम्ही झेंडा लावून निघून गेलात.”

“हा देशाचा बांध आहे, बाई.”

“माझं शेत आहे त्याच्याखाली. तुमचं आहे काय?”

मला माझीच लाज वाटत होती, म्हणून जास्त चढून बोलले.

दोनच दिवसांनी अमावास्या होती. वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं तिथं भाताचा दाणा होत नाही. माझं दीड एकर, भिवाचं दोन, आणि मागचं अख्खं गाव.

“मी राजधानीहून माणसं आणतो,” अच्युत म्हणाला. “दोनशे आणतो. उद्या सकाळी इथं हजर करतो.”

“बीळ कुठवर गेलंय ते त्यांना कळेल?” बाबांनी विचारलं. आमच्या अर्ध्यातली बिळं पणज्यांपासून पैलाडवालेच शोधत आले, आम्हालाही ती नीट ठाऊक नव्हती.

“शिकवू.”

“परवापर्यंत?”

“मग काय करू, पैलाडवाल्यांच्या दारात जाऊन हात पसरू?” आता तोही खवळला. “बाबा, त्यांनी दोन महिने आपल्या होड्या त्यांच्या बंदरात लागू दिल्या नाहीत. मासळी सडली. कोळणी माझ्या कचेरीसमोर बसून रडल्या, मी रोज बघत होतो. त्या दिवशी सभेत मी शपथ घेतली, यांच्याकडे पुन्हा काही मागणार नाही. मोडणार नाही मी ती. मंत्रिपद गेलं तरी चालेल.”

त्याचे डोळे भरून आले होते. ढोंग नव्हतं ते. मासळी खरंच सडली होती, माझ्या बहिणीची पण.

“माग म्हणून कोण सांगतंय?” बाबा म्हणाले.

ते वाकले. मी सकाळपासून तुडवलेला चिखल दोन्ही हातांनी उचलून त्यांनी माझ्या घमेल्यात भरला. काठोकाठ भरला आणि घमेलं अच्युतच्या पायाशी ठेवलं.

“उचल.”

“कुठं नेऊ?”

“त्यांच्या अर्ध्यावर. यंदा त्यांनीही त्यांचं त्यांनीच केलंय. भोकं असणारच. तुला दिसतील.”

...

माझा रागावरचा ताबा सुटला.

“बाबा, हा चिखल मी माझ्या शेतासाठी तुडवलाय.”

“माहीत आहे.”

“आमचा बांध फुटायला आलाय आणि आम्ही त्यांचा लिंपायचा?”

“तुझी आजी काय करायची?”

“तेव्हा ते पण यायचे.”

“आधी कोण जायचं?”

मला आठवेना. कधी आम्ही, कधी ते. कुणी तसं बघितलंच नव्हतं. पण मी ते कबूल केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाबांना वेडंवाकडं बोलले. म्हणाले, तुमचं काय जातंय? तुम्हाला शेत नाही, पोरंबाळं नाहीत, फकिराला काय, झोळी उचलली की दुसरं गाव. तीन वर्षं माझ्या घरात काय शिजणार ते तुम्ही सांगा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मान खाली घातली नाही आणि वरही केली नाही.

“अच्युत,” ते म्हणाले, “तुझ्या योजनेत किती पानं आहेत?”

“तीनशे चाळीस.”

“त्यात आपल्याला शिव्या घालणारं कुणी आहे?”

अच्युतनं हातातल्या कागदांकडे बघितलं. पान उलटलं नाही. मग कागद तकियाच्या ओट्यावर ठेवले, कोट काढून त्यावर टाकला, पायातलं काढलं.

घमेलं उचलायची त्याला सवय नव्हती. तसंच डोक्यावर घेतलं, ते कलंडलं आणि चिखल कानामागून गळ्यात उतरला. मला हसू आलं नाही. माझी चुंबळ काढून मी त्याच्या डोक्यावर बसवली आणि घमेलं वर सरळ ठेवलं. राग तसाच होता, पण असं वाकडं ओझं मला बघवत नाही.

“मान ताठ ठेवा,” मी म्हणाले. “आणि खाली बघू नका.”

मग मीही दुसरं घमेलं भरलं. कशासाठी भरतेय ते मला त्या घटकेला सांगता आलं नसतं. भिवाला हाक मारली. तो आला. सावंतांची सून आली. बाबा मागून काठी टेकत येत होते. आम्हा सगळ्यांची तोंडं रागानं सुजलेली.

मध्यावर सरहद्दीचा दगड आहे. तिथं अच्युत थांबला. पलीकडे पैलाडचा बांध दिसत होता. तोही पांढरा, चुना मारलेला, वर त्यांचे झेंडे. बांधावर त्यांची चारपाच माणसं उभी राहून आमच्याकडे टक लावून बघत होती. कुणी हात केला नाही.

अच्युत घमेल्यासकट मागे वळला. चिखल त्याच्या भुवईवरून गळत होता.

“बाबा, आपण त्यांची सगळी भोकं बुजवली, आणि परवापर्यंत ते आपल्याकडे आलेच नाहीत, तर?”

माझे पाय तिथंच थांबले. मला हेच विचारायचं होतं.

सुलेमानबाबांनी भिवाच्या हातातलं फावडं खांद्यावर घेतलं आणि दगड ओलांडला.

“तर निदान त्यांचं भात पिकेल.”