पावडरचा डबा

“कुठनं गळतंय?” दस्तगीर वस्तादांनी विचारलं.

“खालच्या झाकणातनं,” अभिनंदन म्हणाला.

“तीन दिवस हेच ऐकतोय.”

मिरजेत अभिनंदनच्या हाताचं नाव होतं, आणि ते गावाच्या आधी त्यालाच कळलं होतं. नऊ वर्षं वस्तादांकडे मोटरसायकली उघडल्यावर आता स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. इथली रीत अशी, की खंडेनवमीला हत्यारांना फुलं वाहून झाली की वस्ताद आपला एक पाना जाणाऱ्या शिष्याच्या हाती ठेवत. खंडेनवमी उद्यावर आली होती आणि त्यानं दुरुस्त केलेल्या गाडीच्या इंजिनाखाली पुन्हा ऑइलचा डाग पडला होता.

“पॅकिंग तीनदा बदललं, वस्ताद. बोल्ट आणखी आवळू?”

“वर बघितलंस?”

“वर काय बघायचंय? ते झाकण मीच बसवलंय.”

वस्तादांनी इंजिन रॉकेलनं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. मग आरशापुढचा पावडरचा डबा आणला आणि न्हाऊ घातलेल्या बाळाला लावावी तशी इंजिनावर पावडर थापली.

अभिनंदनला हसू आलं.

“चालू कर. पाना खाली ठेव.”

“मग मी काय करू?”

“बस.”

रिकाम्या हातानं बसणं त्याला भलतंच जड गेलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली...

वरच्या झाकणाखाली पांढऱ्यात एक काळी रेघ उमटली. हळूहळू उतरत ती खालच्या झाकणापाशी आली आणि तिथून थेंब पडला.

अभिनंदनचे कान तापले. गाडी बंद करून, इंजिन निवल्यावर त्यानं वरचं झाकण उघडलं. नव्या पॅकिंगखाली जुन्याचा नखाएवढा तुकडा चिकटलेला होता. हे झाकण बसवताना घाईत त्यानं तो खरवडला नव्हता.

पॅकिंगच हलकं निघालं, असं सहज म्हणता आलं असतं. वस्ताद पाठ करून बसले होते.

त्यानं तुकडा मुठीत धरला. फार लाज वाटत होती.

“वस्ताद... माझंच काम गळत होतं.”

वस्तादांनी मान हलवली. वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हत्यारांना झेंडू वाहून झाला. अभिनंदननं दोन्ही हात पुढे केले. वस्तादांनी पान्यांकडे पाहिलंही नाही. आरशापुढचा डबा उचलून त्यांनी त्याच्या हातात ठेवला.

“आणि पाना?”

“पाना कुठंबी मिळतोय.”