न फिरवलेला रोल

साल नक्की आठवत नाही, बोलण्यातले शब्दही थोडे इकडचे तिकडे झाले असतील. मिरजेत जुन्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या फोटोंचं आमचं प्रदर्शन होतं. परीक्षक होते अप्पासाहेब इंगवले. आपल्या काचेच्या कपाटात देशोदेशीचे कॅमेरे आहेत, हे ते भेटेल त्याला सांगत.

सुमतीबाई आवटींच्या फोटोपाशी ते थांबले. अंगणातल्या बाकावर सुमतीबाई आणि त्यांचे यजमान शेजारी शेजारी बसलेले, आणि दोघांच्याही अंगातून बाकाच्या फळ्या दिसत होत्या.

"बाई, रोल फिरवायला विसरलात. एकावर एक दोन फोटो पडलेत. उतरवा हा."

सुमतीबाईंचा चेहरा पडला. दोघांचा एकत्र असा तेवढाच फोटो त्यांच्याकडे होता.

"माझ्या एकाही कॅमेऱ्यात अशी चूक होत नाही," अप्पासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रोल फिरवल्याशिवाय बटणच दाबलं जात नाही!"

"मग त्यातला एकही माझ्या कामाचा नाही, अप्पासाहेब," सुमतीबाई म्हणाल्या. "दिवाळीत मी यांचा फोटो काढला, तेव्हा हे शेजारी माझी जागा मोकळी सोडून बसले होते. संक्रांतीला हे गेले. मग त्या जागेवर मी बसले आणि मुलीला बटण दाबायला सांगितलं. रोल पुढे फिरवला असता, तर हे मागेच राहिले असते."

अप्पासाहेबांनी चष्मा पुसला. मग शिपायाला म्हणाले, "राहू दे. जरा उजेडाकडे लाव."

तरी मला शंका होतीच, की हे चूक झाल्यावर सुचलेलं उत्तर तर नसेल? पुष्कळ वर्षांनी सुमतीबाईंच्या मुलीने मला निगेटिव्ह दाखवली. तो एक फोटो झाला आणि सुमतीबाईंनी रोल धुवायला दिला होता; पुढचा सगळा रोल कोरा होता.